लाईन गेली तरी टिकणारे नेटवर्क : गावातल्या लिनक्स संगणकासाठी मार्गदर्शन

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट बंद झाले. ज्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही, पण ज्यांचे यंत्र अजून धडधाकट आहे, त्यांच्यासाठी लिनक्स हा सरळ आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतली संगणक खोली, ग्रामपंचायतीची अभ्यासिका, बचत गटाचे कार्यालय अशा ठिकाणी असे संगणक हमखास सापडतात. लिनक्स टाकणे आता अवघड राहिलेले नाही. नवख्या माणसाचे घोडे अडते ते नेटवर्कवर. हा लेख अशाच वाचकांसाठी आहे, ज्यांनी टर्मिनल एकदोनदा उघडले आहे, पण ‘इंटरफेस’ म्हणजे काय आणि त्याला पत्ता कसा द्यायचा हे ज्यांना कोणी बसून शिकवलेले नाही.

आपल्याकडे एक गोष्ट सुरुवातीपासून ध्यानात ठेवावी लागते. उन्हाळ्यात आणि मृगाच्या आसपास लाईन केव्हाही जाते, आणि ती परत आली की संगणक व राऊटर दोन्ही शून्यापासून सुरू होतात. लिनक्समध्ये नेटवर्कची मांडणी दोन ठिकाणी राहू शकते: चालू असलेल्या कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, स्मृतीत किंवा डिस्कवरच्या फाइलीत. स्मृतीतली मांडणी लाईनबरोबर जाते, फाइलीतली राहते. इंटरनेटवर सापडणाऱ्या पुष्कळ कमांड केवळ पहिल्या प्रकारच्या असतात, त्यामुळे संध्याकाळी जमलेले काम सकाळी गायब झालेले दिसते आणि माणूस लिनक्सला दोष देतो. म्हणून येथे प्रत्येक टप्प्यावर मांडणी नेमकी कोठे लिहिली जाते, हे सांगितले आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल थोडेसे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन कळांनी, लहान (लोअरकेस) अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप कराव्यात. एकेक अक्षर टाइप करायचे असेल तेथे अक्षरे डॅशने जोडून दाखवली आहेत, जसे आय-पी. हे डॅश टाइप करायचे नाहीत. पूर्ण शब्द नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने लिहावेत. मांडणी बदलणाऱ्या प्रत्येक कमांडच्या आधी ‘सुडो’ लागते, कारण हा अधिकार व्यवस्थापकाचा असतो.

उदाहरण म्हणून एक अभ्यासिका घेऊ. तेथे एक राऊटर आहे, विद्यार्थ्यांसाठी चार संगणक आहेत, आणि पोलीस भरती, तलाठी व एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका ठेवलेले एक साठवणीचे मशीन आहे. विद्यार्थ्यांच्या संगणकांचे पत्ते बदलले तरी चालतात, पण साठवणीच्या मशीनचा पत्ता रोज तोच हवा, नाहीतर बाकीचे चार संगणक त्याला शोधणार कसे? राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि साठवणीच्या मशीनला १९२.१६८.१.१० हा कायमचा पत्ता द्यायचा आहे.

आधी वायर

कोणतीही मांडणी करण्याआधी वायर तपासावी. संगणकाच्या मागे जेथे केबल शिरते तेथे दोन छोटे दिवे असतात. किमान एक दिवा लागलेला असलाच पाहिजे. त्यानंतर आय-पी लिंक शो ही कमांड द्यावी. तिच्या उत्तरात प्रत्येक इंटरफेसची, म्हणजे संगणक नेटवर्कला जोडण्याच्या प्रत्येक मार्गाची, एक नोंद येते. पहिली नोंद एल-ओ या नावाची असते. तो संगणकाचा स्वतःशी बोलण्याचा मार्ग, पत्ता १२७.०.०.१, त्याला हात लावू नये. त्याखाली खऱ्या कार्डाची नोंद दिसते. तिच्या कंसात ‘लोअर-अप’ असे असेल तर वायरीतून सिग्नल येत आहे. ‘नो-कॅरिअर’ असे असेल तर समोर कोणीच नाही: केबल तुटली आहे, राऊटर बंद आहे किंवा पिन नीट बसलेली नाही. अशा वेळी पत्ता बदलत बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे, कारण दोष संगणकात नाहीच.

केबल अर्धवट खराब असण्याचा प्रकार जास्त फसवा असतो. केबलीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटच्या वेगाला त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात, १००० मेगाबिटला मात्र चारही लागतात. उंदराने एखादी तार कुरतडली किंवा टोकाला क्रिम्पिंग (पिन दाबून बसवणे) सैल झाले, की पुष्कळ कार्डे मुकाट्याने कमी वेगावर उतरतात आणि नेट ‘चालू पण हळू’ असे वाटू लागते. ‘ईथटूल’ ही कमांड इंटरफेसच्या नावासह दिली, की ‘स्पीड’च्या ओळीत खरा वेग कळतो. दोन्ही टोकांची यंत्रे १००० ची असून तेथे १०० दिसत असेल, तर सर्वांत आधी केबल बदलून पाहावी.

तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे. ग्रामपंचायतीच्या इमारतीतून शाळेपर्यंत अंगणावरून अशी केबल ओढण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. जवळपास वीज पडली की त्या तारेतून दाब येतो आणि दोन्ही बाजूंचे पोर्ट एकाच वेळी जळतात. दोन इमारतींमध्ये फायबर टाकावी. काचेतून वीज वाहत नाही. मात्र मधून धातूची तार गेलेली फायबर घेऊ नये.

इंटरफेसचे नाव

जुन्या लेखांत ई-टी-एच-० हे नाव सर्वत्र दिसते. २०१३ पासून सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणारा कार्यक्रम) वापरणाऱ्या लिनक्समध्ये कार्ड ज्या जागेवर बसले आहे त्यावरून नाव ठरते. ई-एन-पी-३-एस-० म्हणजे पीसीआयच्या तिसऱ्या बसवरचे, शून्याव्या खाचेतले वायरचे कार्ड. ई-एन-ओ-१ म्हणजे मदरबोर्डवरचेच. डब्ल्यू-एल ने सुरू होणारे नाव वायफायचे. दुसरे कार्ड टाकले तरी पहिल्याचे नाव सहसा बदलत नाही, हा याचा फायदा. रास्पबेरी पायवर मात्र आजही ई-टी-एच-० हेच नाव भेटते. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या प्रणालीत नाव ड्रायव्हरवरून (कार्ड चालवणाऱ्या कार्यक्रमावरून) पडते, जसे आर-ई-० किंवा ई-एम-०. म्हणून दुसऱ्याच्या लेखातले नाव जसेच्या तसे उतरवू नये. आपल्या मशीनवर जे दिसते तेच कागदावर लिहून घ्यावे.

आता आय-पी ॲड्रेस शो ही कमांड देऊन उत्तर शांतपणे वाचावे. ‘लिंक/ईथर’च्या पुढे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या असतात, तो कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाची स्वतःची ओळख. ‘इनेट’च्या पुढे १९२.१६८.१.१०४/२४ असे काही दिसते. तिरप्या रेषेपुढचा २४ सांगतो की पत्त्याचे पहिले तीन आकडे सगळ्या गल्लीचे सामाईक आहेत आणि शेवटचा आकडा तेवढा घराचा आहे. त्याच ओळीत ‘डायनॅमिक’ असेल तर हा पत्ता राऊटरने डीएचसीपीने, म्हणजे पत्ते आपोआप वाटण्याच्या पद्धतीने, दिलेला आहे, आणि खालच्या ओळीत ‘व्हॅलिड’च्या पुढे ८४९१२ सेकंद असे जे दिसते ती त्या पत्त्याची उरलेली मुदत आहे. ‘इनेट’ची ओळच नसेल किंवा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने पत्ता मागितला पण कोणी दिला नाही, असे समजावे.

येथेच जुन्या ‘इफकॉन्फिग’बद्दल सांगायला हवे. ही कमांड १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून चालत आलेली आहे आणि फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, मॅकओएस यांवर आजही तीच चालते. लिनक्सवर तिची जागा आय-पी ने घेतली आहे आणि अनेक वितरणांत (लिनक्सच्या उबुंटू, डेबियन अशा तयार संचांत) ती मुळात बसवलेलीच नसते. लिनक्सवर नव्याने शिकणाऱ्याने थेट आय-पी शिकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारभारी एकच असावा

आय-पी ॲड्रेस ॲड ही कमांड देऊन पत्ता लगेच बसवता येतो, पण तो केवळ स्मृतीत बसतो. तपासणीसाठी तिचा उपयोग करावा. कायमच्या मांडणीसाठी करू नये. कायमची मांडणी नेटवर्क सांभाळणाऱ्या एखाद्या व्यवस्थापक कार्यक्रमाच्या हाती असते आणि आपल्या मशीनवर तो कोण आहे, हे आधी ओळखावे लागते. दोन व्यवस्थापक एकाच इंटरफेसवर हक्क सांगू लागले, की पत्ता येतो, जातो, पुन्हा येतो, आणि कारण सापडता सापडत नाही.

एन-एम-सी-एल-आय डिव्हाइस स्टेटस ही कमांड द्यावी. इंटरफेससमोर ‘कनेक्टेड’ किंवा ‘डिसकनेक्टेड’ दिसले तर कारभार नेटवर्कमॅनेजरकडे आहे. ‘अनमॅनेज्ड’ दिसले किंवा कमांडच सापडली नाही, तर दुसऱ्या कोणाकडे आहे. फेडोरा, उबुंटू डेस्कटॉप आणि डेबियनच्या बहुतेक डेस्कटॉप मांडण्यांमध्ये नेटवर्कमॅनेजर असतो. रास्पबेरी पाय ओएसमध्ये ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून तोच आला आहे. त्याआधी तेथे डीएचसीपीसीडी होता, त्यामुळे पायवरचे जुने लेख आता लागू पडत नाहीत. उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅन असतो आणि साध्या डेबियन सर्व्हरवर ‘इंटरफेसेस’ नावाची फाइल.

नेटवर्कमॅनेजरने कायमचा पत्ता

एन-एम-सी-एल-आय कनेक्शन शो दिल्यावर जोडण्यांची यादी येते. वायरच्या जोडणीचे नाव बहुधा ‘वायर्ड कनेक्शन १’ असते. जोडणी आणि इंटरफेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: इंटरफेस म्हणजे कार्ड, जोडणी म्हणजे त्या कार्डावर लावायच्या सेटिंगचा संच. बदल जोडणीत करायचा असतो. नाव यादीत दिसते तसेच, मोठी-लहान अक्षरे न बदलता लिहावे, आणि त्यात मोकळी जागा असल्यामुळे ते अवतरणचिन्हांत लिहावे, नाहीतर कमांड पहिल्या शब्दावरच अडखळते.

पुढचे सर्व बदल सुडो एन-एम-सी-एल-आय कनेक्शन मॉडिफाय, मग अवतरणातले जोडणीचे नाव, मग गुणधर्म आणि त्याची किंमत, अशा एकाच घडणीचे आहेत. गुणधर्मांची नावे आय-पी-व्ही-४, मग टिंब, मग शब्द अशी बनतात. क्रम महत्त्वाचा आहे. आधी ‘ॲड्रेसेस’ला १९२.१६८.१.१०/२४ ही किंमत द्यावी. त्यानंतर ‘गेटवे’ला, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराला, १९२.१६८.१.१. मग ‘डी-एन-एस’ला, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेला, १९२.१६८.१.१, आणि सर्वांत शेवटी ‘मेथड’ला ‘मॅन्युअल’. मेथड आधी बदलायला गेलात तर पत्ता रिकामा आहे, अशी चूक दाखवून कमांड थांबते. शेवटी एन-एम-सी-एल-आय कनेक्शन अप आणि जोडणीचे नाव दिले की नवी मांडणी लागू होते. ती त्याच वेळी डिस्कवरही लिहिली गेलेली असते.

एवढे टाइप करणे जड वाटत असेल तर एन-एम-टी-यू-आय द्यावी. निळ्या पडद्यावर रकाने येतात, बाणाच्या कळांनी फिरता येते आणि नेमके हेच चार बदल तेथे भरता येतात. शाळेतल्या शिक्षकांना शिकवताना मी हाच मार्ग आधी दाखवतो.

पत्ता निवडताना राऊटरच्या डीएचसीपीची कक्षा पाहून घ्यावी. राऊटर १०० ते २०० हे आकडे वाटत असेल तर १० सुरक्षित आहे. तो २ पासून वाटत असेल तर राऊटरमध्ये जाऊन कक्षा आखडावी, नाहीतर एखाद्या दिवशी कोणाच्या तरी मोबाईललाही १० मिळेल आणि दोघांचेही नेट अडखळेल. काही राऊटर मॅक पत्त्यावरून ठरावीक आकडा राखून ठेवतात. ही सोय चांगली आहे, पण आपल्याकडे विजेच्या कडकडाटात राऊटर जळणे नवे नाही, आणि राऊटर गेला की ती राखीव नोंदही जाते. म्हणून साठवणीच्या मशीनवरच पत्ता बसवणे मला जास्त भरवशाचे वाटते. याचीही एक बाजू आहे: नवा राऊटर १९२.१६८.०.१ सारख्या वेगळ्या पत्त्याचा आला, तर आपले मशीन जुन्याच गल्लीत राहते आणि कोणाला दिसत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. मशीनला हात न लावता नव्या राऊटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१.१ करावा, की सगळे पूर्ववत होते.

इतर प्रणाली

उबुंटू सर्व्हरवर ईटीसी डिरेक्टरीतल्या नेटप्लॅनच्या फोल्डरमध्ये यामल प्रकारची फाइल असते. तिच्यात ओळींचे आत सरकणे हाच अर्थ असतो, म्हणून टॅबची कळ वापरू नये. स्पेसच द्याव्यात आणि एका पातळीच्या सर्व ओळी सारख्याच आत असाव्यात. डीएचसीपी बंद करून पत्ता, डीएनएस आणि ‘डिफॉल्ट’ मार्ग लिहावा. गेटवेसाठीचा जुना ‘गेटवे-४’ हा शब्द आता वापरू नये, त्याऐवजी ‘राउट्स’ लिहावे. त्यानंतर नेटप्लॅन ट्राय द्यावी. ही कमांड नवी मांडणी लावते आणि १२० सेकंदांत एंटर दाबले नाही तर जुनी परत आणते. तालुक्याला बसून गावातल्या मशीनवर काम करणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे, कारण जोडणी तुटली तरी गाडी काढून जावे लागत नाही. फाइलीच्या माथ्यावर क्लाउड-इनिटची (मशीन सुरू होताना सुरुवातीची मांडणी करणाऱ्या कार्यक्रमाची) सूचना असेल तर ती वाचून तिच्याप्रमाणे वागावे, नाहीतर तो कार्यक्रम फाइल पुन्हा आपल्या मनाप्रमाणे लिहू शकतो.

डेबियन सर्व्हरवर ईटीसीमधल्या ‘नेटवर्क’ फोल्डरातली ‘इंटरफेसेस’ ही साधी मजकुराची फाइल उघडावी, इंटरफेससाठी ‘ऑटो’ची ओळ लिहावी, खाली ‘आय-फेस’ च्या ओळीत ‘स्टॅटिक’ म्हणावे आणि त्याखाली पत्ता व गेटवे द्यावा. फ्रीबीएसडीत हेच काम ईटीसीमधल्या आर-सी डॉट कॉन्फ या फाइलीत होते, ओपनबीएसडीत ‘होस्टनेम’ टिंब इंटरफेसचे नाव अशा छोट्या फाइलीत. नाव कोणतेही असो, द्यायची माहिती तीच: पत्ता, जाळ्याचा आकार, गेटवे.

तपासणी

समोरचा पत्ता उत्तर देतो का ते पाहणारी पिंग ही कमांड चार वेळा, आतून बाहेर या क्रमाने द्यावी. थांबवण्यासाठी कंट्रोल आणि सी. पहिल्यांदा स्वतःचा पत्ता, १९२.१६८.१.१०. दुसऱ्यांदा राऊटर, १९२.१६८.१.१, उत्तर आले नाही तर दोष केबल, पत्ता किंवा राऊटर यांतच आहे. तिसऱ्यांदा १.१.१.१, म्हणजे बाहेरचा सार्वजनिक पत्ता. राऊटर उत्तर देतो पण हा देत नाही, तर बहुधा गेटवे चुकला आहे किंवा राऊटरच्या मागची फायबर तुटली आहे. आय-पी राउट शो दिल्यावर ‘डिफॉल्ट’ने सुरू होणाऱ्या ओळीत १९२.१६८.१.१ दिसत असेल, तर गेटवे जागेवर आहे आणि तक्रार सेवा देणाऱ्याकडे करावी. चौथ्यांदा एखाद्या संकेतस्थळाचे नाव. आकडा चालतो पण नाव चालत नाही, तर डीएनएस चुकले आहे. ते दुरुस्त करण्यासाठी ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ ही फाइल हाताने बदलण्याचा सल्ला जागोजाग मिळतो, तो पाळू नये. व्यवस्थापक ती फाइल पुन्हा लिहितो. डीएनएस जोडणीतच बदलावे.

चारही उत्तरे येतात आणि तरीही ब्राउझर एकही सुरक्षित पान उघडत नाही, असे झाले तर डेट ही कमांड द्यावी. जुन्या मदरबोर्डचा सेल संपलेला असतो, आणि रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या पायमध्ये लाईन गेल्यावर वेळ राखणारे घड्याळच नसते. तारीख वर्षभर मागे असेल तर संकेतस्थळांची प्रमाणपत्रे संगणकाला अवैध वाटतात. दोष घड्याळाचा असतो आणि शिव्या नेटला बसतात. मदरबोर्डचा सेल सहसा सी-आर-२०३२ या मापाचा असतो. तो कोणत्याही घड्याळजीकडे मिळतो.

मोबाईलचा आधार

फायबर तुटली की मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग करता येते, म्हणजे मोबाईलचे नेट संगणकाला देता येते. तेव्हा यू-एस-बी-० किंवा ई-एन-एक्स ने सुरू होणारा नवा इंटरफेस उगवतो आणि नेटवर्कमॅनेजर त्याला वायरचे कार्डच समजतो. दोन मार्ग एकाच वेळी उपलब्ध असले, की ज्याचे मेट्रिक (मार्गाच्या पसंतीचा आकडा) कमी तो निवडला जातो. वायरसाठी मूळ आकडा १०० असतो आणि वायफायसाठी ६००. म्हणून मोबाईलच्या जोडणीत आय-पी-व्ही-४ टिंब राउट-मेट्रिक (येथला डॅश मात्र टाइप करावा) ७०० ठेवावे आणि फायबर बंद असेपर्यंत राऊटरची केबल काढून ठेवावी. फायबर परत आल्यावर केबल लावली, की वाहतूक आपोआप तिच्याकडे वळेल. त्याच जोडणीत कनेक्शन टिंब मीटर्ड ‘येस’ करावे. ही खूण पाहून अनेक कार्यक्रम मोठे अपडेट आपोआप उतरवायचे थांबतात आणि दिवसाचा डेटा सकाळीच संपत नाही.

लाईनची परीक्षा

सगळे जमल्यावर संगणक आणि राऊटर रीतसर बंद करावेत, भिंतीवरचे बटण बंद करून थोड्या वेळाने चालू करावे आणि कोणत्याही कळीला हात न लावता पाहावे. साठवणीचे मशीन आपोआप सुरू झाले नाही, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचे याचे सेटिंग असते, ते ‘पॉवर ऑन’ करावे. काही मदरबोर्ड याबाबत रीतसर बंद झालेले मशीन आणि अचानक लाईन गेलेले मशीन यांत फरक करतात, म्हणून ही परीक्षा बायोसचे सेटिंग ‘शेवटची स्थिती’वर न ठेवता द्यावी. राऊटरला उभे राहायला बऱ्याचदा संगणकापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे डीएचसीपीवरचे विद्यार्थ्यांचे संगणक काही वेळ पत्त्याविना दिसतील. राऊटर तयार झाला की त्यांना पत्ता मिळतो. कायमचा पत्ता असलेल्या मशीनला ही वाट पाहावी लागत नाही. आय-पी ॲड्रेस शो मध्ये १९२.१६८.१.१० दिसला आणि त्या ओळीत ‘डायनॅमिक’ नसले, तर मांडणी फाइलीत बसली आहे.

त्यानंतर इंटरफेसचे नाव, जोडणीचे नाव, पत्ता, गेटवे आणि राऊटरची डीएचसीपी कक्षा एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या बाजूला चिकटवावा. पुढच्या वेळी राऊटर बदलायला येणारा माणूस दुसराच कोणी असेल, आणि त्याला नेमकी हीच पाच माहिती लागेल.